दादाचा रिपोर्ट

विजयाताई,

तुम्ही जाऊन आज एकवीस दिवस झाले. हॉस्पिटलातून मला दोनदा फोन आला, की मॅडमवर काहीतरी लिहून द्या, बावीस वर्षं तुम्ही त्यांच्या लॅबमध्ये होतात. पहिल्या वेळी मी हो म्हटलं. दुसऱ्या वेळी फोन उचललाच नाही. तुमचं शिक्षण, तुमचे छापून आलेले निबंध, कुठल्या परिषदेत शाल मिळाली आणि ती तुम्ही कुणाला देऊन टाकलीत, हे सगळं तुमचा भाचा लिहील. त्याला ते पाठ आहे. मी लिहायला बसले की पहिलं वाक्य येतं ते 'ताई, तुम्ही असं का केलंत?' आता हे वाक्य शोकसभेत माईकसमोर कसं वाचायचं? म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. पण होतात तेव्हा तरी माझी एक चिठ्ठी शेवटपर्यंत वाचलीत का? "सुरेखा, कागद ठेव, तोंडी सांग," म्हणायचात.

तोंडी सांगायचं तर मला रडू येतं आणि रडताना मध्येच राग येतो. राग आला की लाज वाटते, की गेलेल्या माणसावर कसला राग. मग पुन्हा रडू. घरात सगळ्यांना वाटतं, बाई दुःखात आहे. दुःखात आहेच मी. पण गोंधळ त्याहून जास्त आहे, आणि तो निस्तरायला ज्यांच्याकडे धावत जायची सवय, त्याच नेमक्या निघून गेल्या.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला रक्त तपासता येत होतं, लघवी तपासता येत होती, आणि वीर्य हा शब्द चारचौघांत उच्चारता येत नव्हता. पहिल्याच दिवशी तुम्ही मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंत.

"काय दिसतं?"

"वळवळतंय काहीतरी."

"वळवळत नाही, पोहतंय. सरळ जातात ते वेगळे मोज, जागेवर गोल फिरतात ते वेगळे मोज, नुसते पडून असतात ते वेगळे. आपल्या गावातल्या माणसांसारखंच आहे, घाबरू नको."

मी हसले आणि माझी भीती गेली ती गेलीच. घरी नवऱ्याने विचारलं, काय काम असतं गं तिथं? मी म्हटलं, खानेसुमारी.

तुमची सुरुवात जनावरांपासून झाली होती. तुम्ही शिरवळकडच्या शेतकऱ्याची लेक. घरात बैल, म्हशी. शिकलात तेही जनावरांच्या वीर्यावरच, आणि नोकरीची पहिली वर्षं वळूंच्या प्रयोगशाळेत काढलीत. तिथून माणसांकडे का वळलात, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तिकडं काम सोपं होतं. बैल खोटं बोलत नाही आणि बैलाची आई मध्ये बोलत नाही." मग थोड्या वेळाने, स्लाईडवरून डोळे न काढता, म्हणालात, "आमच्याकडं एक चुलती होती. मूल नाही म्हणून तिला माहेरी धाडली. चुलत्यानं दुसरी केली, तिलाही नाही. तरी कुणाला शंका आली नाही. मी तेव्हा बैलांचे आकडे मोजत होते."

सांगलीत लॅब टाकल्यावर तुमचा एकच नियम होता, आधी गडी, मग बाई. नवऱ्याचा नमुना तपासल्याशिवाय बायकोला हात लावायचा नाही, आणि रिपोर्ट दोघांना एकत्र बसवून सांगायचा. सासूला नाही, दिराला नाही, नुसत्या नवऱ्याला नाही की नुसत्या बायकोला नाही. या नियमापायी आपण किती शिव्या खाल्ल्या! ती कवठेमहांकाळकडची म्हातारी आठवते? सुनेला दंडाला धरून आणली होती. "माझ्या पोराला काय धाड भरलीया? सा फुटाचा गडी हाय," म्हणाली. तुम्ही म्हणालात, "सहा फूट आहे ते दिसतंय मावशी. जे दिसत नाही ते बघायचंय मला." म्हातारी निघून गेली. आठ दिवसांनी मुलाला घेऊन परत आली, आणि तो सहा फुटाचा गडी तिच्या मागे लपत होता.

गावागावांत तुम्ही बैठका घ्यायचात. बायकांच्या नाही, बाप्यांच्या. पारावर, सोसायटीच्या हॉलमध्ये, कुठेही. डेअरीतल्या त्या बैठकीत पुरुष माना खाली घालून बसले होते आणि तुम्ही एकदम म्हशींवर आलात. रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी भरूनही म्हैस गाभण राहिली नाही, उलटली, तर काय करता? एक म्हातारबा म्हणाले, "आवं, डॉक्टरला इचारतो की, कांडी बरी व्हती का न्हाई म्हणून. सगळा दोष म्हशीवर कसा ढकलायचा?" तुम्ही म्हणालात, "शाब्बास आबा. मग सुनेच्या बाबतीत कांडीची चौकशी कोण करणार?" अख्खी डेअरी हसली. हसून झाल्यावर एकदम शांत झाली. त्या शांततेत मी नावं लिहून घ्यायला वही उघडली, आणि चारजणांनी सांगितली.

त्या दाखल्याचा उलटा परिणामही आपणच भोगला. घरून नमुना आणायचा तर बाटली खिशात, अंगाच्या उबेला धरून तासाभरात आणायची, असं मी घसा फोडून सांगायचे. तरी बेडगचा तो पहिलवान बर्फात घालून घेऊन आला. कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला होता, त्यात मीठ पण टाकलं होतं. "म्हशीच्या कांडीला येवढी थंडी लागती, तर माणसाच्या जिवाला जास्तच लागंल की," म्हणाला. चूक त्याची नव्हती. कांडी थंड करायची रीत निराळी असते, हे सांगायचं आपल्याला सुचलंच नव्हतं. तुम्ही त्याला हसला नाहीत. आत येऊन मात्र दार लावून इतक्या हसलात, की डोळ्यांतून पाणी आलं.

मग गुऱ्हाळांचा अभ्यास. चुलवाणापाशी दिवसभर जाळ घालणाऱ्या गड्यांच्या वीर्यावर त्या धगीचा काय परिणाम होतो, हे तुम्हाला बघायचं होतं. दोन हंगाम आपण फिरलो. तुम्ही त्यांच्या शेजारी पोतं टाकून बसायचात. एक गुळव्या मला म्हणाला, "ही बाई डॉक्टर हाय का पावनी?" त्या अभ्यासाचं पुढे नाव झालं. आकडे मी इथे लिहीत नाही, अर्धवट आकडे लिहिलेले तुम्हाला चालायचे नाहीत. पण त्या अभ्यासातला एक गडी मी विसरले नाही आणि तुम्हीही नाही. नियमाप्रमाणे त्याला आणि बायकोला एकत्र बसवलंत आणि खरं सांगितलंत. हळुवारपणेच सांगितलंत, मी साक्षीला होते. तो उठला. नमस्कार करून गेला, आणि त्या आठवड्यात गावातून जो गेला तो परत आला नाही. दोन महिन्यांनी त्याची बायको आली. रडली नाही, भांडली नाही. तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, मला पोर नगं. माझा मालक तेवढा हुडकून द्या."

तो तुम्ही हुडकलात. सुट्ट्या टाकून हुडकलात, सापडला नाही. त्यानंतर एकदा चहा पिताना म्हणालात, "खरं सांगणं सोपं असतं गं. ते ऐकल्यावर ज्या घरात राहायचं असतं, तिथं आपण राहत नाही." मला वाटलं, थकल्या असतील. मी साखर किती टाकू, विचारलं.

आता माझ्या दादावर येते. संपतदादा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, फौजेत. लग्नाला सहा वर्षं झाली, कमलवहिनीला दिवस गेले नव्हते आणि आई तिला उठता बसता ऐकवत होती. मीच दादाच्या मागे लागले. फोनवर भांडले. "आमच्या मॅडमकडं ये, आधी गडी मग बाई," म्हटलं. तो रजेवर आला, मुकाट नमुना देऊन गेला. त्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम साताऱ्याला पाठवलंत. "घरच्या माणसाचा नमुना तुझ्या टेबलावर नको," म्हणालात. बरोबरच होतं. पुढे मी विचारलं, "ताई, दादाचं बरं आहे ना?" तर म्हणालात, "रिपोर्ट त्या दोघांचा आहे. तू कोण?" मला राग आला, पण अभिमानही वाटला. माझी बाई माझ्यासाठीसुद्धा नियम वाकवत नाही, असा.

दादाची पुढची रजा आली तेव्हा वहिनीनेच घरात सांगितलं, की दोष माझ्यात आहे, उपाय नाही. आईने कपाळावर हात मारला. दादाने ऐकून घेतलं आणि दुसरं लग्न करायला नकार दिला. आई तीन वर्षं मागे लागली होती, तो हलला नाही. गावात त्याला देवमाणूस म्हणू लागले. मीही म्हणायचे. इथे सांगलीत माझ्या शेजारणींना सांगायचे, बघा, असा असतो माणूस.

आणि वहिनी? वहिनीशी मी वाईट वागले असं मला कधी वाटलंच नाही. मी लॅबमधली ना, मला सगळं कळतं ना. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं डोहाळेजेवण होतं. तुम्ही आला होतात. ओटी भरायची वेळ झाली, वहिनी, मुलीची सख्खी मामी, ताट घेऊन उठली. आईने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. आणि मी म्हटलं, "वहिनी, तेवढं आत पुरणाचं बघतेस का? लागेल खाली." पुरण कधीच उतरवून ठेवलेलं होतं. वहिनीने ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. बाहेर ओट्या भरल्या, फोटो झाले. तुम्ही न जेवता गेलात.

नंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोललात. नवव्या दिवशी मीच विषय काढला. म्हटलं, तिला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून आत पाठवलं. तुम्ही म्हणालात, "तू लॅबमध्ये एक आहेस आणि घरात एक." मी चिडले. म्हटलं, "ताई, तुम्ही सासर बघितलं नाहीत, तुम्हाला नाही कळायचं." हे मी तुम्हाला बोलले. लग्न न केलेल्या बाईला बोलायचं सगळ्यात सोपं वाक्य असतं ते, आणि मी तेच उचललं. तुम्ही माझ्याकडे वळलात. "सुरेखा, तुला जर…" एवढंच बोललात आणि थांबलात. मग बेसिनपाशी जाऊन स्लाईडी धुवायला लागलात. स्लाईडी धुवायचं काम माझं होतं.

ते वाक्य अर्धं राहिलं. त्याचा उरलेला अर्धा भाग मला तुमच्या दहाव्याला कळला.

वहिनी त्या दिवशी गावाहून एस.टी.ने आली होती, एकटी. तुमच्या स्वयंपाकघरात खाली बसून रडत होती. माझ्यापेक्षा जास्त. मला जरा नवलच वाटलं. म्हटलं, चहा ठेवते, तोंड धू. तर म्हणाली,

"वन्सं, बाईंनी तुमास्नी कवाच न्हाई का सांगितलं?"

"काय?"

"माझ्यात कायबी दोष नव्हता."

मी गॅस बंद केला. चहा पातेल्यात तसाच राहिला.

मग तिने सांगितलं. रिपोर्ट आला तोपर्यंत दादाची रजा संपली होती. तो सरहद्दीवर गेला होता. वहिनी एकटीच तुमच्याकडे आली. तुम्ही तिला परत पाठवलंत, नवरा आल्यावर दोघं या म्हणून. ती पायरीवर बसून राहिली. दुपारी चारला तुम्ही बाहेर आलात, तिच्याकडे बघितलंत आणि तिला आत घेतलंत. दादाच्या नमुन्यात मोजायला काही नव्हतं. कमी नव्हतं, थोडं नव्हतं, काहीच नव्हतं.

"मी बाईंच्या पायाच पडले," वहिनी म्हणाली. "म्हंटलं, त्यास्नी कळवू नगा. तिकडं बरफात हुबं हायत, हातात बंदूक हाय. डोस्क्यात ह्ये घिऊन माणूस हुबा ऱ्हाईल का? परत आल्यावर बगू. आन् परत आल्यावर त्यांचं त्वांड बघून माज्याच्यानं बोलवंना. आत्याबाई इचारायला लागल्या, मग मी म्हंटलं माज्यात हाय."

"आणि ताई गप्प राहिल्या?"

"न्हाई ओ. दर साली इचारायच्या, कमल, आता सांगूया का? उपाव बी असतील म्हणायच्या. मी न्हाई म्हणायची. मग त्या म्हणायच्या, बरं, तू चहा घी."

मी तिला विचारलं, अगं मग आता कशाला सांगितलंस मला? अठरा वर्षं झाली. ताई गेल्या. माझा आवाज चढला होता. ती पदराने नाक पुसत म्हणाली, "ह्ये ठावं असल्यालं माज्याबिगर येकच माणूस व्हतं, त्ये गेलं. उद्या मी मेले तर वांझ म्हणूनच मेले की ओ वन्सं."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. तिचा हात धरायला हवा होता, धरला नाही. मला त्या क्षणी तिची दया आली नाही, ताई, तुमचा राग आला. हे मी कुणाला सांगणार?

माझं भांडण ऐका आता. तुम्ही मला सांगायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तिने नको म्हटलं होतं आणि मी कोण? हे मला कळतं. पण नियम तुम्ही मोडलात. दोघांना एकत्र, हा तुमचा नियम. ज्या बाईने एका नवऱ्याला आणायला जतच्या पुढे तीन खेपा केल्या, तिला एका जवानाच्या पुढच्या रजेची तारीख विचारता आली नाही? त्याच्या अंगाची गोष्ट त्यालाच सांगितली नाहीत. कदाचित नळीत अडथळा असेल, कदाचित पुण्यामुंबईत काही झालं असतं. झालं असतंच असं नाही, मला माहीत आहे, टक्केटोणपे खाऊन शिकलेय मी तुमच्याकडेच. पण विचारायचा हक्क त्याचा होता. फौजेतल्या जवानांवरचा तुमचा निबंध छापून आला, त्यात दादा आहे. नाव नाही, पण मोजलेल्यांत आहे. निबंध वाचणाऱ्या परदेशातल्या माणसालाही तो एक आकडा म्हणून माहीत आहे. फक्त त्याला स्वतःला माहीत नाही.

आणि माझ्या हातून काय करवलंत! मी ते ताट तिच्या हातातून काढून घेतलं तेव्हा तुम्ही चार हातांवर बसला होतात. तुम्हाला माहीत होतं.

हे सगळं लिहिलं की दुसऱ्या बाजूने मीच बोलायला लागते. की सुरेखा, ते ताट तुझ्या हातून ताईंनी नाही काढून घेतलं. दोष वहिनीत असता, तर ते करणं बरोबर ठरलं असतं का?  तुमचं अर्धं वाक्य 'तुला जर माहीत असतं' असं होतं, असं मी गेले अकरा दिवस धरून चालले आहे. पण कदाचित ते तसं नव्हतंच. कदाचित 'तुला जर मूल नसतं' असं असेल. आता कुणाला विचारू?

दोन नमुन्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली होती, ते आठवतं. मी तुमच्यापुढे उभी होते, नोकरी गेली असं समजून. तुम्ही त्याच दिवशी दोन्ही जोडप्यांना बोलावलंत आणि सांगितलंत, "चूक माझ्या लॅबची आहे, पुन्हा तपासू." माझं नाव घेतलं नाहीत. मला आत येऊन म्हणालात, "चूक झाली की त्याच दिवशी सांगायची. दुसऱ्या दिवशी ती मोठी होते." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काम केलं. मी आज जी कुणी आहे, चार पोरींना काम शिकवते, डॉक्टरांना तोंडावर सांगते की रिपोर्ट पुन्हा काढा, ती तुमच्यामुळे. हे तुम्हाला कधी बोलले नाही. आपल्यात तशी बोलायची पद्धतच नव्हती. तुम्ही माझ्या डब्यातली चटणी न विचारता घ्यायचात आणि मी तुमच्या टेबलावरचं पेन न विचारता न्यायचे, त्यातच सगळं आलं असं मी धरलं. उपकार मानते, ताई. खरंच मानते. आणि तुमच्याच वाक्याने तुम्हाला विचारते, दुसऱ्या दिवशी चूक मोठी होते, तर अठरा वर्षांत ती केवढी होते?

की ती चूक नव्हतीच? त्या गुऱ्हाळावरच्या गड्याला खरं सांगितलंत तेव्हा एक घर मोडलं. दादाला सांगितलं नाहीत, तर एक घर राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकून धरली होती वहिनीने, आणि सव्वा लाख दादाच्या नावावर जमा होत गेले.

परवाच्या रविवारी मी गावी गेले. काय करायचं हे ठरवून गेले नव्हते. वहिनीची माफी मागायची एवढंच मनात होतं. ती मागायची तर कशाबद्दल हे सांगावं लागणार, आणि दादा ओसरीवर बसलेला. आता आई नाही, घरात दोघंच असतात. दादा रिटायर होऊन आला तरी पाठ अजून ताठ. मला बघून खूश झाला. म्हशीला पेंड घालून, हात धुऊन माझ्यासमोर बसला. वहिनी चहा घेऊन आली.

"तुमच्या डॉक्टरीणबाई गेल्या, वाईट झालं," दादा म्हणाला. "लय चांगली बाई. हिला लय जीव लावला. हिच्यात दोष असून कवा कमी लेखलं न्हाई. आता मी तरी कवा बोललो का? आई म्हणाली दुसरी कर, मी म्हंटलं न्हाई. काय गं?"

शेवटचं वहिनीला होतं. वहिनी म्हणाली, "व्हय." तिच्या आवाजात काही नव्हतं. रोजचं उत्तर होतं ते. किती वेळा दिलं असेल तिने?

"दादा," मी म्हटलं, "हे आता पुन्हा बोलायचं नाही."

"काय?"

"दोष हिच्यात हे. माझ्यासमोर नाही, दुसऱ्या कुणासमोर नाही. आणि तू बोलला नाहीस, हेही बोलायचं नाही."

"आगं, पण मी काय वंगाळ बोललो? कौतिकच केलं की हिचं."

"ते कौतुक बंद कर. मी सांगते म्हणून."

मी त्याच्याशी अशा आवाजात कधी बोलले नव्हते. वहिनी ट्रे धरून उभी होती, ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "वहिनी, माझ्याकडून तुझ्याशी लई चुकलं. माफ कर." दादाने विचारलं, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "ते आम्हा दोघींत आहे." वहिनी ट्रे घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाजही येत नव्हता. तिने मला माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही.

दादा मला गाडीवरून स्टँडवर सोडायला आला.  स्टँडवर सांगलीची गाडी लागली होती, अजून भरायची होती. त्याने हेल्मेट काढलं, हातात धरलं.

"सुरे," तो म्हणाला, "बाईंनी तुला काय सांगितल्तं का? माज्याबद्दल?"

आता ताई, तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं. एक शब्द नाही. 'नाही' म्हणणं खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. मी लगेच बोलायला हवं होतं. मला वहिनीचं तोंड दिसलं, तुमचं दिसलं. कंडक्टर "चला सांगली" म्हणून ओरडला. एवढा वेळ गेला. तेवढ्या वेळात दादा माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

 मी गाडीत बसले, खिडकीतून बघितलं, तर तो तिथेच हेल्मेट हातात घेऊन उभा होता. गाडी वळली तरी उभा होता. तुम्ही अठरा वर्षं सांभाळलेली गोष्ट माझ्याकडे येऊन नऊ दिवस झाले होते. ताई, मी त्याला सांगितलं की नाही सांगितलं, हेच मला कळत नाही.